"मला सांगणारे तुम्ही कोण?" म्हणायच्या आधी बंदीचा कायदा कसा तपासायचा

कुठलाही नवा नियम येऊ दे, दोन तासांत ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं माझं आयुष्य माझी मर्जी, सरकार कोण लागून गेलं, आणि दुसरीचं म्हणणं लोकांना शिस्तच नाही, बडगा दाखवल्याशिवाय कोणी ऐकत नाही. आणि पुढच्या नियमाला हीच मंडळी जागा बदलून बसतात. माझा मेहुणा हेल्मेटसक्तीच्या वेळी "माझं डोकं, फुटलं तर माझं फुटेल" म्हणून तावातावाने भांडला होता, आणि सिगारेटचा विषय निघाल्यावर तोच म्हणे "सरळ बंद करून टाका, कशाला पाहिजे ती घाण". कारण एवढंच की तो बाइक चालवतो आणि सिगारेट ओढत नाही. मी त्याला हसलो खरा, पण घरी येऊन विचार केला तर मीही आयुष्यभर तेच करत आलोय, फक्त माझ्या आवडीनिवडी वेगळ्या.

तेव्हापासून एक वही केलीय. एका कायद्याला एक पान. बंदी कशावर आहे ते वर एका ओळीत लिहायचं आणि तिथेच सोडून द्यायचं, बाकीचं सगळं पान बंदी बांधलीय कशी यासाठी. पाच-सात प्रश्न आहेत, क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालतो, पण पहिला प्रश्न मात्र पहिलाच ठेवा नाहीतर पुढचं सगळं हवेत जातं.

पहिलं काम म्हणजे मूळ मजकूर शोधून वाचणं. बातमी नाही, फॉरवर्ड तर नाहीच नाही, कायद्याचा मजकूर. सगळा वाचायची गरज नसते. व्याख्यांचं कलम, मनाई कशाला आहे ते कलम, सूट कोणाला आहे ते कलम आणि शिक्षेचं कलम, एवढी चार वाचली तरी नव्वद टक्के भांडणं मिटतात. उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलंच घ्या, अमेरिकेतली दारूबंदी. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारू पिणं गुन्हा होता असं आपण बिनदिक्कत म्हणतो, पण घटनेच्या अठराव्या दुरुस्तीत बंदी होती ती दारू बनवण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर, पिण्यावर नाहीच. बंदी लागू व्हायच्या आधी घरात भरून ठेवलेली दारू तुम्ही घरात बसून पिऊ शकत होता. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पेट्या भरून ठेवायला पैसा आणि तळघर होतं त्याची सोय झालेली. शिवाय दारू म्हणजे काय याची व्याख्या अर्धा टक्का अल्कोहोल एवढी खाली आणून ठेवली, त्यामुळे ज्यांना वाटत होतं की बंदी फक्त कडक दारूवर येणार आणि बिअर वाचणार त्यांचीही दांडी उडाली. आणि सूट होती ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधी व्हिस्कीला. आता हे तीन मुद्दे बघा, पिण्यावर नाही, अर्धा टक्का, चिठ्ठी चालते. बंदी कोणाला चावणार आणि कोणाला नाही हे एवढ्यावरूनच कळतं, त्यासाठी दारू चांगली की वाईट यावर एक शब्द बोलावा लागत नाही.

मग दुसरा प्रश्न, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नुकसान नक्की कोणाचं होतंय?

यावर सगळ्यात जुनं आणि अजूनही कामाला येणारं उत्तर जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंताने १८५९ साली देऊन ठेवलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शहाण्यासुरत्या प्रौढ माणसावर त्याच्या मनाविरुद्ध जबरदस्ती करायची असेल तर कारण एकच चालेल, दुसऱ्याला होणारी इजा टाळणं, त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. लोक इथेच थांबतात आणि मिलचं नाव घेऊन हेल्मेट फेकून देतात. पण त्याच मिलने पुलाचं उदाहरण दिलंय ते बघा. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवायला निघालाय, पूल धोक्याचा आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि सांगायला वेळ नाही, तर दंडाला धरून मागे ओढलंत तर त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नव्हतं, त्याला पलीकडे जायचं होतं. पण पूल पडेलच अशी खात्री नसून नुसता धोका असेल तर मिल म्हणतो त्याला सांगा, आणि सांगूनही त्याला जायचंच असेल तर जाऊ द्या. लहान मुलं आणि भान हरपलेली माणसं यातून वगळलीत. म्हणजे मिलचा प्रश्न नुसता "कोणाचं नुकसान" एवढाच नाही, "या माणसाला काय चाललंय ते माहीत आहे का" हाही आहे, आणि हा दुसरा अर्धा भाग चर्चेत सोयीस्करपणे गाळला जातो.

मी वहीत नुकसानाचे चार कप्पे पाडतो. दुसऱ्याला सरळ इजा, स्वतःला इजा, सगळ्यांच्या खिशाला चाट, आणि नुसतं डोळ्यांत खुपणं. बहुतेक कायदे दोन तीन कप्प्यांत सांडलेले असतात. सीटबेल्ट घ्या. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या शेवटी जगात पहिल्यांदा बेल्ट लावणं सक्तीचं केलं. स्वतःच्या जिवाचा प्रश्न वाटतो, पण मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेला माणूस धडक झाली की पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे थोडं पहिल्या कप्प्यातही गेलंच.

तिसरा कप्पा फसवा आहे, तिथे सावध राहा. १९७२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका बाइकवाल्याने हेल्मेटसक्तीला कोर्टात आव्हान दिलं, मुद्दा आमच्या मेहुण्याचाच. कोर्टाचं म्हणणं असं की अपघात झाल्या क्षणापासून तुला रस्त्यावरून उचलणारा समाज, सरकारी दवाखान्यात नेणारा समाज, नोकरी गेली तर भत्ता देणारा समाज, बायकापोरांना सांभाळणारा समाज, मग फक्त तुझंच डोकं कसं रे बाबा? वाचल्यावर मला वाटलं संपलं, आता यावर बोलायला काही उरलं नाही. पण दोन दिवसांनी लक्षात आलं की हा मुद्दा रबरासारखा आहे, जेवढा ताणाल तेवढा ताणतो. डोंगर चढणारा पडला तर त्यालाही समाजच उचलतो, गोड खाणाऱ्याचंही बिल कोणीतरी भरतं, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचंही. मग हे सगळं बंद करायचं? आणि हिशोब नेहमी त्याच बाजूने जातो असंही नाही. २००८ मध्ये डच संशोधकांनी जन्मभराच्या औषधपाण्याच्या खर्चाचं गणित मांडलं तर सगळ्यात जास्त खर्च निघाला तो सडपातळ आणि सिगारेट न ओढणाऱ्या लोकांचा, कारण ते जास्त जगतात आणि म्हातारपणाची दुखणी महाग असतात. आता यावरून कोणी सिगारेट ओढा असं म्हणणार नाही. फक्त "आमच्या टॅक्सचा पैसा जातो" हे कोणी म्हणालं की त्याला विचारा, हिशोब दाखव, आणि हाच हिशोब तुझ्या आवडत्या गोष्टीला लावलेला चालेल का तेही सांग.

चौथा कप्पा, डोळ्यांत खुपणं. इथे मी थोडा कडक आहे, आधीच सांगतो. ब्रिटनमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीने सांगितलं की दोन प्रौढ पुरुष राजीखुशीने चार भिंतींच्या आत जे करतात त्यात कायद्याने नाक खुपसायचं कारण नाही, आणि तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलायला १९६७ उजाडलं. भारतात १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत थांबावं लागलं. शंभर दीडशे वर्षं माणसं या कायद्यांच्या दहशतीखाली जगली आणि बदल्यात कोणाचं काय वाचलं विचाराल तर शेजाऱ्याला वाटणारी किळस, याच्यापलीकडे मला तरी काही सापडलं नाही. तुमच्या पानावर पहिले तीन कप्पे रिकामे आणि फक्त चौथा भरलेला असेल तर तो कायदा माझ्या मते नापास.

तरी एक केस आहे जी मला अजून छळते. फ्रान्समध्ये एक फारच कमी उंचीचा माणूस होता, त्याचं काम काय तर अंगाला पॅडिंग बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून नाइटक्लबमध्ये उभं राहायचं आणि लोकांनी त्याला उचलून गादीवर फेकायचं. मोर्सां-सुर-ऑर्ज नावाच्या गावाच्या महापौराने १९९१ मध्ये हा खेळ बंद केला, कारण दिलं मानवी प्रतिष्ठा. हा माणूस स्वतः कोर्टात गेला की बाबांनो मला दुसरं काम मिळत नाही, माझी प्रतिष्ठा हाताला काम असण्यात आहे आणि तीच तुम्ही काढून घेताय. १९९५ ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात हरला, मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेला, तिथेही २००२ मध्ये हरला. आता सांगा कुठल्या कप्प्यात घालायचं? दुसऱ्याला इजा नाही, स्वतःलाही फारशी नाही, संमती पूर्ण. तरीही ते दृश्य डोळ्यांसमोर आणलं की पोटात ढवळतं आणि महापौराचा राग येत नाही. माझ्या पानावर तिथे प्रश्नचिन्ह आहे, चार वर्षं झाली. वहीत प्रश्नचिन्ह असलं म्हणून काही बिघडत नाही, उलट एकही नसेल तर समजा तुम्ही वही भरत नाही आहात, नुसता शिक्का मारत सुटलात.

तिसरा प्रश्न काठी केवढी. एकच हेतू गाठायला कितीतरी पायऱ्या असतात, नुसती माहिती, मग पाकिटावर इशारा, मग जास्त कर, मग वयाची अट, मग जागेची किंवा वेळेची अट, मग परवाना, मग दंड आणि अगदी शेवटी तुरुंग. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये कामाच्या ठिकाणी सिगारेट बंद केली, बार आणि पब धरून, पण घरात ओढायला ना नाही, कारण मुद्दा होता तिथे आठ आठ तास दुसऱ्याचा धूर घेत काम करणाऱ्या माणसाचा. हेतू आणि काठी मापाला माप. पोर्तुगालने २००१ मध्ये साधारण दहा दिवसांच्या वापराएवढं ड्रग जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं, पण मोकळं सोडलं नाही, तसा माणूस सापडला की कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो आणि उपचारांचं बघतात. विकणारा मात्र अजून गुन्हेगारच. तर प्रश्न असा विचारायचा की एक पायरी खाली उतरून काम झालं असतं का, आणि ती पायरी कोणी करून बघितली का. अनेक देशांची घटनापीठं आणि वरची कोर्टं जवळपास याच पद्धतीने कायदा तपासतात, हेतू रास्त आहे का, उपायाने हेतू साध्य होतो का, यापेक्षा सौम्य उपाय होता का, आणि शेवटी फायद्यापेक्षा जाच जास्त होतोय का. त्यासाठी वकील असावं लागत नाही.

पळवाटा किती आणि कोणासाठी, हेही त्याच पानावर. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने २०१२ मध्ये साखर घातलेली पेयं ४७० मिलीपेक्षा मोठ्या ग्लासात विकायला मनाई केली. वाचायला छान वाटतं. पण मंडळाचं चालतं ते हॉटेलं, सिनेमागृहं, मैदानं एवढ्यावर, किराणा आणि सुपरमार्केट राज्याच्या हातात. म्हणजे हॉटेलात मोठा ग्लास मिळणार नाही आणि त्याच गल्लीतल्या दुकानात लिटरभराचा मिळेल, शिवाय हॉटेलातही छोटा ग्लास हवा तेवढ्या वेळा भरून घ्या, त्याला आडकाठी नाही! मार्च २०१३ मध्ये लागू व्हायच्या आदल्या दिवशी न्यायाधीशाने मनमानी म्हणून नियम थांबवला आणि जून २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने कायमचा उडवला. वरच्या कोर्टाचं कारण वेगळं होतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, की असला धोरणाचा निर्णय घ्यायचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाचा, मंडळाचा नाही. म्हणून वहीत एक ओळ "केला कोणी" यासाठीही ठेवा. सभागृहात चर्चा होऊन आलेला कायदा आणि एका खात्याने संध्याकाळी काढलेला आदेश यांना एकाच पारड्यात घालू नका, मजकूर शब्दन् शब्द सारखा असला तरी.

आता जो प्रश्न मी सगळ्यात उशिरा शिकलो तो, पकडलं कोण जाणार? कागदावर कायदा सगळ्यांना सारखा. रस्त्यावर तो शिपायाला जो दिसतो त्याला लागतो. अमेरिकेत सिएटल ज्या काउंटीत आहे तिथे सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती होती. हेतूला नावं ठेवायला जागा नाही, डोकं वाचावं एवढंच. पण पावत्या कोणाच्या फाटल्या ते तपासलं तर सिएटलमध्ये जवळजवळ निम्म्या बेघर लोकांच्या, आणि कृष्णवर्णीय सायकलवाल्यांना त्यांच्या संख्येच्या मानाने फारच जास्त. ज्याला राहायला घर नाही तो हेल्मेट कुठून आणणार आणि दंड कुठून भरणार, आणि बरेचदा हेल्मेट हे नुसतं त्याला थांबवायचं निमित्त असायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो नियम रद्द झाला. लक्षात घ्या, रद्द करणारे काही हेल्मेटच्या विरोधात नव्हते, हेल्मेट घाला हे ते सांगतच राहिले. गोष्ट चांगली आणि तिची सक्ती वाईट असं एकाच वेळी असू शकतं, आणि हे वाक्य तुम्हाला मनापासून पटलं तर या विषयावरची तुमची अर्धी भांडणं कमी होतील.

उलटंही बघा. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर देशभर बंदी आणली, २०१० मध्ये कायदा आणखी कडक केला. स्वतःपुरता माल बाहेरून कर भरून आणता यायचा, फक्त पावती जवळ पाहिजे. २०११ मध्ये एक तरुण भिक्खू खायच्या तंबाखूच्या ७२ पुड्यांसकट सापडला, पावती नव्हती, तीन वर्षं तुरुंग. तीन वर्षं! देशभर आरडाओरडा झाला, २०१२ मध्ये शिक्षा सौम्य केल्या आणि २०२१ मध्ये विक्रीवरची बंदीच उठवली, कारण बंदीमुळे सीमेपलीकडून चोरटा माल येतच होता. नवा कायदा वाचताना मी एक खेळ करतो, डोळ्यांसमोर पहिला पकडला जाणारा माणूस आणतो. त्याचं वय काय, खिशात किती पैसे, वकील आहे का, भाषा येते का. ज्याला पकडायला कायदा केला तो बडा व्यापारी डोळ्यांसमोर आला तर ठीक, आणि पुड्यांवाला भिक्खू आला तर शिक्षेचं कलम परत वाचा.

हाच तर्क पुढे कुठे जाईल, हा प्रश्न विचारला की लोक लगेच म्हणतात तुम्ही उगाच बागुलबुवा उभा करताय. बऱ्याचदा खरंच बागुलबुवा असतो. पण एकदा तो खरोखर उभा राहिलाय म्हणून सांगतो. १९०५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देवीच्या लसीची सक्ती योग्य ठरवली. साथ चालू होती, केंब्रिज गावातल्या एका पाद्र्याने लस घ्यायला नकार दिला, त्याला पाच डॉलर दंड झाला होता. निकाल वाचलात तर तो बराच जपून दिलाय, धरून आणून सुई टोचा असं त्यात नाही, दंड आहे, आणि ज्याच्या प्रकृतीला लसीने अपाय होईल त्याच्यावर सक्ती करू नये असंही आहे. मला तो निकाल आजही पटतो, साथीचा रोग हा पहिल्या कप्प्यातलाच मामला. पण २२ वर्षांनी, १९२७ मध्ये, व्हर्जिनिया राज्यातल्या एका तरुणीची नसबंदी तिच्या मनाविरुद्ध करायची की नाही हा प्रश्न त्याच कोर्टापुढे आला, आणि न्यायमूर्ती होम्स यांनी त्याच लसीच्या निकालाचा आधार घेऊन परवानगी दिली. लस सक्तीची करता येते ना, मग हेही त्यातच बसतं, असा तर्क. विसाव्या शतकात अमेरिकेत असल्या कायद्यांखाली एकूण ६० हजारांवर माणसांच्या नसबंद्या झाल्या. म्हणून मर्यादा कायद्याच्या मजकुरातच लिहिलेली आहे का ते बघा, मंत्र्याच्या भाषणात नाही, मजकुरात. भाषण विरून जातं, कलम राहतं.

आणि राहतं म्हणजे किती दिवस राहतं तेही बघा. ब्रिटनमध्ये १९३९ ला लढाई सुरू झाली म्हणून ओळखपत्रं आली, लढाई १९४५ ला संपली, ओळखपत्रं मात्र चालूच. डिसेंबर १९५० मध्ये पोलिसांनी एका गाडीवाल्याला थांबवून कार्ड मागितलं, त्याने साफ नाही म्हटलं. केस वर गेली, कायदा अजून जिवंत म्हणून तो दोषी ठरला पण शिक्षा काहीच नाही, आणि लढाईसाठी केलेला कायदा भलत्याच कामाला वापरून तुम्ही सरळ माणसांना गुन्हेगार बनवताय अशी पोलिसांची खरडपट्टी सरन्यायाधीशांनी काढली. १९५२ मध्ये कार्डं गेली. त्याच देशाने २०२० मध्ये कोरोनाचा कायदा करताना मात्र दोन वर्षांची मुदत आणि दर सहा महिन्यांनी संसदेत फेरविचार हे आधीच लिहून ठेवलं होतं. तात्पुरता म्हणून आलेल्या कायद्यात तारीख नसेल तर तो तात्पुरता नाही, एवढं साधं आहे.

पान भरत आलं की शेवटचं काम, आणि हे जरा जिवावर येतं. तुम्हाला आवडणारा एक कायदा घ्या आणि त्याच प्रश्नांतून काढा. मला सिगारेटची चीड आहे, वडिलांमुळे, जास्त सांगत नाही. न्यूझीलंडने २०२२ च्या शेवटी कायदा केला की १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सिगारेट कधीच विकायची नाही, तेव्हा मी पेढे वाटायचाच बाकी होतो. मग वही उघडली. ओढणाऱ्यावर शिक्षा नाही, विकणाऱ्यावर आहे, बरं. व्यसन कोवळ्या वयात लागतं तेव्हा "माहीत असून निवड केली" हे म्हणणं लंगडं, म्हणजे मिलचा पूल इथे लागू पडतो. पण चाळीस वर्षांनंतर दुकानात दोन माणसं उभी, एक पन्नाशीतला आणि एक त्याच्याहून वर्षभराने मोठा, दोघंही धडधाकट शहाणे, एकाला मिळणार आणि एकाला नाही, आणि दुकानदार पन्नाशीच्या माणसाकडे जन्मतारीख मागतोय. इथे माझी लेखणी अडली. २०२४ च्या सुरुवातीला नव्या सरकारने लागू व्हायच्या आतच तो कायदा रद्द केला. मला वाईट वाटलं, पण माझ्या स्वतःच्या पानावर तो कायदा शंभर टक्के पास नव्हता हेही खरं. मेहुण्याला हे सांगितलं तर तो खूष झाला, मग मी त्याला हेल्मेटचं पान वाचायला दिलं. अमेरिकेत १९६६ नंतर केंद्राच्या निधीच्या दबावाने बहुतेक राज्यांनी हेल्मेट सक्तीचं केलं, १९७६ मध्ये तो दबाव काढल्यावर बऱ्याच राज्यांनी सक्ती सैल केली आणि बाइकवाल्यांचे मृत्यू वाढले. त्याने वाचलं, काही बोलला नाही, वही परत दिली. पण "डोकं माझं आहे" हे त्यानंतर मी ऐकलं नाहीये, "दंड जास्त आहे" असं म्हणतो आता. हा बदल मला मोठा वाटतो, कारण दंडाच्या रकमेवर बोलता येतं, डोक्याच्या मालकीवर काय बोलणार.

आता पान भरल्यावर त्याचं करायचं काय. स्टेटस टाकू नका, म्हणजे टाका हवं तर, पण त्याने कलम हलत नाही. कायदा अजून मसुद्यात असेल तर बऱ्याच ठिकाणी लोकांकडून हरकती सूचना मागवतात, त्याला मुदत असते आणि ती बहुतेकांना संपल्यावर कळते, तर ती तारीख आधी शोधा. पत्र एका पानाचं पुरे. "आमच्या स्वातंत्र्यावर घाला" असली सुरुवात केलीत की वाचणारा कंटाळून पुढच्या पत्राकडे जातो, त्याऐवजी कलमाचा नंबर, त्यातला कुठला शब्द खटकतो, त्याजागी काय हवं ते पूर्ण वाक्य तुम्हीच लिहून द्या, आणि तो बदल नाही केला तर पहिला कोण पकडला जाईल ते दोन ओळींत. शिक्षेत तुरुंग असेल तर दंडावर आणा म्हणा, मुदत नसेल तर तारीख घाला म्हणा, पावतीची अट असेल तर पावती हरवलेल्याचं काय ते विचारा. कायदा आधीच झालेला असेल तर तुमच्या प्रतिनिधीला तेच पत्र, आणि किती लोकांवर कारवाई झाली, कुठल्या भागात, दंड किती वसूल झाला ही आकडेवारी माहिती अधिकारासारखी सोय असेल तिथे मागवून घ्या, कारण ते आकडे हातात असले की पुढचं बोलणं सोपं जातं. कोर्टाचा रस्ता शेवटचा, तो वेळखाऊ आणि खर्चिक, एकट्याने जाऊ नका. आणि पत्र कुठेही दिलंत, ईमेलने दिलंत तरी, पोच घ्यायला विसरू नका, माझ्या पहिल्या दोन पत्रांची मी घेतली नव्हती आणि ती आलीच नाहीत असं मला तोंडावर सांगितलं होतं.